हृदयाच्या धमन्या दिसू लागल्या, त्याआधीची गोष्ट

‘दोन ठिकाणी ब्लॉकेज, एक नव्वद टक्के’ असा अँजिओग्राफीचा रिपोर्ट आज नात्यागोत्यात कुणाचा ना कुणाचा असतोच. पण जिवंत माणसाच्या छातीतला हा अडथळा असा थेट बघता येऊ लागला तो १९५८ नंतर. दुखणं मात्र फार आधीपासून ठाऊक होतं.

लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये ते नेमकं मांडलं. चालताना, त्यातही चढावर किंवा जेवण झाल्या झाल्या, छाती आवळून येते. उभं राहिलं की त्रास थांबतो. हे वर्णन आजही डॉक्टरांना पुरतं. कारण मात्र हेबर्डन यांच्या हाती लागलं नाही.

ते लागलं एडवर्ड जेन्नर यांच्या. देवीची लस देणारे तेच. अशाच एका रुग्णाचं शवविच्छेदन करताना त्यांची सुरी काहीतरी टणक, खरखरीत लागून अडली. खोलीचं छत जुनं, ढासळतं. गिलावा पडला असावा म्हणून त्यांनी वर पाहिलं. पण कडक झाली होती ती हृदयाला रक्त पुरवणारी धमनीच. जेन्नर यांनी हे छापायचं टाळलं, कारण त्यांचे गुरू, नामवंत सर्जन जॉन हंटर यांना तोच आजार होता. १७९३ मध्ये सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या बैठकीत खटका उडाला आणि हंटर तिथेच वारले. त्यांच्याही धमन्या तशाच निघाल्या.

हृदयाच्या कप्प्यांतून एवढं रक्त खेळतं, तरी त्याच्या स्नायूचं पोट त्यावर भरत नाही. त्याला रक्त मिळतं ते महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या डाव्या-उजव्या धमन्यांतून. त्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबी साठते, वाट अरुंद होते आणि श्रम पडले की कळ येते. हा थर फाटून त्यावर गुठळी जमली, तर पुढचा स्नायू मरू लागतो. तोच हार्ट अटॅक. अशी गुठळी झालेला माणूस जगूही शकतो, हे शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये सांगितलं, तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. जिभेखालच्या गोळीचं मूळ असलेलं नायट्रोग्लिसरीन तर १८७९ पासून छातीतल्या कळेवर वापरात होतं. उपाय आधी, उलगडा नंतर.

मग १९५८ मध्ये आली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमधली चूक. डॉक्टर मेसन सोन्स हृदयाच्या झडपेच्या आजाराच्या एका तरुणाची तपासणी करत होते. महाधमनीत सोडायचा डाय, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारं द्रव्य, कॅथेटरचं (आत सरकवलेल्या बारीक नळीचं) टोक सरकल्यामुळे थेट उजव्या करोनरी धमनीत, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमनीत, गेला. तोवरची समजूत अशी की याने हृदय बंदच पडणार. ते काही सेकंद थांबलंही. सोन्स यांनी रुग्णाला खोकायला लावलं आणि ठोके परतले. धमनीत डाय सोडला तरी माणूस वाचतो, हे त्या दिवशी कळलं आणि करोनरी अँजिओग्राफी जन्माला आली. त्याच रुग्णालयात १९६७ मध्ये रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरून बायपास रुळवली. १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेयास ग्रुन्ट्सिग यांनी फुग्याने धमनी रुंद केली.

एवढं असूनही अँजिओग्राफीत दिसते ती रक्ताची वाट, भिंत नव्हे. झटका पुष्कळदा किरकोळ वाटणाऱ्या थरातूनच येतो. झटका आलेल्या माणसाचा स्टेंटने, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीने, जीव वाचतो. पण म्हणूनच २००७ च्या ‘करेज’ नावाच्या वैद्यकीय चाचणीत, फक्त श्रमाने छातीत दुखणाऱ्या, स्थिर रुग्णांना औषधांच्या जोडीला स्टेंट घालूनही झटके किंवा मृत्यू कमी झाले नाहीत.