गिरणी कामगार स्त्रिया, मुंबईतील

मुंबईच्या कापड गिरण्यांत मजुरी करणाऱ्या, तसेच गिरणगावात राहून या उद्योगाच्या आधाराने चरितार्थ चालवणाऱ्या स्त्रिया. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, वरळी हा भाग गिरण्यांनी भरून गेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत गिरण्यांतील मनुष्यबळात स्त्रियांचा वाटा सुमारे एकपंचमांश होता. त्यांत विधवा आणि नवऱ्याने टाकलेल्या स्त्रिया बऱ्याच असत.

गिरणीची सगळी खाती स्त्रियांना खुली नव्हती. साचेखात्यात मागावर पुरुष असत. स्त्रियांकडे मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंग (विणकामासाठी सूत गुंडाळणे) ही दोन खाती होती. रिळिंगमध्ये बॉबिनवरचे सूत उतरवून त्याच्या लडी बांधत, कारण चीनला निर्यात होणारे आणि देशातील हातमागवाल्यांना विकले जाणारे सूत लडींच्या रूपातच बाजारात जाई. मजुरी महिन्याच्या पगाराने नव्हे, तर उतरलेल्या कामावर मिळे. त्यामुळे खराब सूत वाट्याला आले की ते वारंवार तुटे आणि तेवढी कमाई बुडे. चांगले सूत कोणाला द्यायचे आणि कोणाला कामावर घ्यायचे, हे बहुधा नायकिणीच्या, म्हणजे स्त्री कामगारांवर देखरेख करणाऱ्या मुकादम बाईच्या मर्जीवर असे. तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन निजवून कामावर जाण्याची चाल सर्रास होती.

१८९१ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांचा कामाचा दिवस ११ तासांवर आणला व त्यांच्या रात्रपाळीला बंदी घातली. मुंबई प्रांताच्या १९२९ च्या प्रसूती लाभ कायद्याने बाळंतपणातील भत्त्याचा भार मालकांवर टाकला. या कायद्यांमुळे स्त्री कामगार महाग पडू लागली आणि म्हणून तिची संख्या घटली, असे मत अनेकदा मांडले जाते. ते अर्धेच खरे आहे. चीनची सुताची बाजारपेठ हातची गेल्याने रिळिंगचे काम आधीच आटत चालले होते, आणि वेगवान वाइंडिंग यंत्रे आल्यावर थोड्या हातांत तेच काम भागू लागले. नव्या खात्यांची दारे मात्र उघडली नाहीत, कारण दोन-तीन पाळ्यांत चालणाऱ्या गिरणीला रात्रीही राबणारा कामगार हवा होता. त्यामुळे १९७० च्या दशकापर्यंत गिरण्यांत स्त्रिया नावापुरत्याच उरल्या.

संपांत त्या मागे नव्हत्या. १९२८ च्या सार्वत्रिक संपात आणि त्यानंतरच्या लढ्यांत उषाबाई डांगे व पार्वतीबाई भोर यांनी स्त्री कामगारांना संघटित केले.

गिरणीबाहेरची मिळकत आकड्यांत सहसा दिसत नाही. कोकणातून व घाटावरून आलेले बहुसंख्य पुरुष कुटुंब गावी ठेवून एका खोलीत दाटीने राहत आणि महिन्याच्या बोलीवर एखाद्या बाईच्या खाणावळीत जेवत. गावी शेती व घर पाहणारी बायको मनीऑर्डरची वाट पाही, तर इथे खाणावळवाली पगार होईपर्यंत वाण्याकडून उधारीवर, प्रसंगी सावकाराकडून जबर व्याजाने पैसे काढून, किराणा भरी. या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिऱ्हाइकांचे पगारच थांबल्याने अनेक खाणावळींची उधारी थकली. कामगारांच्या घरांतील कित्येक स्त्रिया धुणीभांडी, पोळ्या लाटणे, शिवणकाम अशी कामे करून संसार चालवू लागल्या.