फिश टँकची मोटर: ५० हर्ट्झपासून डीसीपर्यंत

नौपाड्याच्या जुन्या घरात टाकीचा एअर पंप पाण्यापेक्षा उंच, खिळ्याला टांगलेला असे. खाली ठेवला आणि वीज गेली, तर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरायचं. रात्रभर त्याची घुरघुर चाले. आई मागे जुना टॉवेल कोंबायची. ती घुरघुर खरं तर विजेचीच. एसी प्रवाह सेकंदाला ५० वेळा (म्हणजे ५० हर्ट्झ) पुढे-मागे होतो आणि त्याच तालावर पंपातला रबरी पडदा हलतो.

मग पॉवरहेड, म्हणजे पाण्यात बुडवून ठेवायचा पंप, आलं. तारेचं वेटोळं रेझिनमध्ये बंद, पाण्यात फिरतो तो फक्त चुंबक आणि त्याला जोडलेला इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक. कुर्ल्याहून आणलेली आमची मोटर वर्षानुवर्षं चालली, तक्रार नाही. पण वेग ठरवणार पुन्हा वीजच: दोन ध्रुवांचा चुंबक ५० हर्ट्झवर मिनिटाला ३,००० फेरे घेणार म्हणजे घेणारच. एकदा पंख्याचा रेग्युलेटर लावून पाहिला, तर मोटर नुसती थरथरत बसली. शिवाय ही मोटर सुरू होताना कुठल्याही दिशेला फिरू शकते, म्हणून पाती सरळ ठेवावी लागतात आणि त्यात जोर वाया जातो. प्रवाह कमी करायचा तर तोंडाला स्पंज लावायचा. आमचा फायटर मासा तरीही पानाआड दडून असे.

डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवरच्या, मोटरचा वेग बदलता येतो, पण जुन्या डीसी मोटरीचे ब्रश (फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे तुकडे) झिजत आणि पाण्यात ते चालणारही नव्हते. ब्रशचं काम इलेक्ट्रॉनिक्सकडे देता येतं, हे विल्सन आणि ट्रिकी यांनी १९६२ मध्ये दाखवलं. १९८०च्या दशकात निओडिमियमचे ताकदवान चुंबक आले, पुढे कंट्रोलरच्या चिपा स्वस्त झाल्या. प्रवाळ पाळणाऱ्यांना तर लाटेसारखा बदलता प्रवाह हवाच होता.

आता टाकीत अशी बिनब्रशची डीसी मोटर असते, वेग ठरवायला कंट्रोलर, आणि अडॅप्टर बहुधा २४ व्होल्टचा. वेग निम्मा केला की पाणी साधारण निम्मं होतं आणि तत्त्वतः वीज आठव्या हिश्शावर येते. ठाण्यात भारनियमनाचे दिवस काढलेल्यांना दुसरीच गोष्ट आधी सुचते: १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की इन्व्हर्टरशिवाय काम भागतं.

मी कंट्रोलर सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवतो. फायटर पानाआडून बाहेर आलाय. गाळ मात्र कोपऱ्यात साचतो, म्हणून रविवारी दहा मिनिटं मोटर फुल, आणि तेवढा वेळ तो पुन्हा पानाआड.