नोटरी केलेलं आणि रजिस्टर केलेलं ॲग्रीमेंट एकच नसतं, 11 महिन्यांचं असलं तरी

मे-जून आला, बदल्या आणि ॲडमिशन सुरू झाल्या की तोच प्रश्न ठरलेला. "फ्लॅट भाड्याने देतोय, 11 महिन्यांचंच आहे, नोटरी केलं तर चालेल ना?" आणि त्यावर चार जण लगेच, "हो हो, आम्ही दरवर्षी तेच करतो." अहो करत असाल, पण महाराष्ट्रात ते चालत नाही, आणि अडकतो तो घरमालक, भाडेकरू नाही.

नोटरी काय असतं ते सगळ्यांना माहितीये. स्टॅम्प पेपर, सह्या, शिक्का, दहा मिनिटांत मोकळे. नोटरी फक्त एवढं सांगतो की ह्या माणसांनी माझ्यासमोर सह्या केल्या. रजिस्टर करणं म्हणजे मुद्रांक शुल्क भरून दुय्यम निबंधकांकडे दस्ताची नोंद, दस्त क्रमांक मिळतो, प्रत सरकारच्या दफ्तरी राहते. लीज आणि लिव्ह अँड लायसन्स हा अजून एक वाद लोक मध्येच काढतात, तो इथे दोन ओळींत संपवतो: लीजमध्ये जागेत हक्क तयार होतो, लायसन्समध्ये फक्त राहायची परवानगी असते, आणि आपल्याकडे घरं शक्यतो लायसन्सवरच देतात. पुढे.

आता खरा घोळ. हे 11 महिने आले कुठून? 1908 च्या नोंदणी कायद्यात कलम 17 आहे, त्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचं लीज रजिस्टर करणं सक्तीचं आहे. म्हणून लोकांनी वर्षाला एक महिना कमी धरला आणि रजिस्ट्रेशन टाळलं. बाकी बऱ्याच राज्यांत ही युक्ती अजून चालते, आणि दिल्ली-बंगलोरवाल्यांचे व्हिडिओ बघून आपले लोक तेच इथे लावतात, तिथेच सगळं गंडतं. कारण महाराष्ट्राचा स्वतःचा भाडे नियंत्रण कायदा आहे, 1999 चा, 31 मार्च 2000 पासून लागू. त्याचं कलम 55 सांगतं की लिव्ह अँड लायसन्स असो नाहीतर भाड्याने देणं, करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे. मुदतीचा उल्लेखच नाही. 11 महिने, 6 महिने, सगळ्याला तेच. रजिस्टर करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची. नाही केलं तर गुन्हा सिद्ध झाल्यावर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पण दंड सोडा, 5,000 ला कोण घाबरतंय, त्याच कलमात त्याहून महागातलं एक वाक्य आहे जे कुणी वाचतच नाही. लेखी रजिस्टर्ड करार नसेल तर जागा कुठल्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जाईल, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. परत वाचा. भाडेकरू म्हणेल ते.

आमच्या मावशीचं उदाहरण घ्या. डोंबिवलीचा वन बीएचके, नोटरी ॲग्रीमेंट, 11 महिने झाले, मावशी म्हणाली आता दीड हजार वाढवा. भाडेकरू शांतपणे म्हणाला, काकू आपलं तर तोंडी ठरलं होतं की तीन वर्षं भाडं वाढवायचं नाही. मावशी नोटरीचा कागद हलवत बसली, आणि वकिलाने सांगितलं की हा कागद तुम्हाला वाटतो तेवढा उपयोगाचा नाही, तसं ठरलं नव्हतं हे आता तुम्ही सिद्ध करा. शेवटी समजुतीने मिटलं, पण त्या चार महिन्यांत मावशीचं बीपी ते वाढलंच.

रजिस्टर केलेलं असेल तर मुदत संपल्यावर ह्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशाच प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं, रोजच्या दिवाणी दाव्यासारखं वर्षानुवर्षं घासत बसायचं नाही. मुदत संपूनही माणूस हलला नाही तर ठरलेल्या लायसन्स फीच्या, म्हणजे भाड्याच्या, दुप्पट नुकसानभरपाई मागता येते. नोटरीचा कागद घेऊन तिथे गेलात की समोरच्या वकिलाला पहिली हरकत आयतीच मिळते.

आणि एक भीती, जी मला जुन्या लोकांकडून अजून ऐकू येते: "रजिस्टर केलं की भाडेकरू घर बळकावतो." ही भीती उगाच आलेली नाही. जुन्या बॉम्बे रेंट ॲक्टमध्ये दुरुस्ती झाली होती आणि 1 फेब्रुवारी 1973 ला जे लायसन्सवर राहत होते ते एका झटक्यात संरक्षित भाडेकरू झाले, मुंबईत कित्येक घरमालकांचे हात पोळले. पण तो कायदा गेला, त्यालाही आता पंचवीस वर्षं होऊन गेली. आज कागद रजिस्टर नसणं हेच घरमालकाला जास्त धोक्याचं आहे.

मग लोक म्हणतात खर्च फार. कुठे फार? मुद्रांक शुल्क पाव टक्का. 20,000 भाडं, 11 महिने म्हणजे 2,20,000, त्यात 60,000 परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज साडेपाच हजार, मिळून 2,25,500, त्याचा पाव टक्का साधारण 564 रुपये. नोंदणी फी शहरात 1,000, ग्रामीण भागात 500. एजंट वर त्याचे घेतो ते वेगळे, पण आता ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठ्यावर, घरबसल्या. आणि दरवर्षी 11 महिन्यांचं करायची सवयच मला पटत नाही, 60 महिन्यांपर्यंत हाच दर आहे, सरळ 33 किंवा 36 महिन्यांचं करा, दर 11 महिन्यांनी किती वाढ ते आतच लिहा, नोंदणी फी एकदाच लागते.

अजून एक, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिल्याची पावती म्हणजे ॲग्रीमेंट नव्हे. ते तर कराच, पण पावती दाखवून "आमचं सगळं कायदेशीर आहे" म्हणणारे भेटले की काय बोलावं कळत नाही. सोसायटीचं म्हणाल तर त्यांना कळवायचं, रजिस्टर केलेल्या कराराची प्रत द्यायची, आणि नॉन ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते पैसे, सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांच्या वर मागत असतील तर द्यायचे नाहीत, सेक्रेटरी कितीही ओरडला तरी.