डिप्लोमा म्हणजे दहावीनंतरचा का? प्रॉडक्ट डिझाइनच्या पदवीमागचा जुना घोळ

प्रॉडक्ट डिझाइन, म्हणजे वापरायच्या वस्तूंचे डिझाइन, शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या हातात आज बी.डेस. किंवा एम.डेस.चे (डिझाइनमधल्या पदवीचे किंवा पदव्युत्तर पदवीचे) पदवीपत्र असते आणि त्यात कुणाला विशेष वाटत नाही. पण ज्या संस्थेपासून आपल्याकडे हे शिक्षण सुरू झाले, त्या अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेला (एनआयडी) पदवी देण्याचा अधिकार मिळाला तो २०१४ च्या कायद्याने. म्हणजे स्थापनेनंतर अर्धशतक उलटून गेल्यावर. तोवर तिथून बाहेर पडणारा प्रत्येक जण ‘डिप्लोमाधारक’ होता.

सुरुवातीची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, म्हणून ती थोडक्यात. १९५८ साली एका अमेरिकी डिझायनर दांपत्याने भारत फिरून सरकारला अहवाल दिला. त्यातला लोट्यावरचा परिच्छेद आजही पहिल्या वर्षाच्या वर्गात वाचून दाखवला जातो. लोट्यात पाणी किती मावावे, तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, धार कशी पडते, आतून घासता येतो का, मोडीत काढला तर किती येतील, असे प्रश्न त्यांनी मांडले. हे सगळे कुण्या एका माणसाने ठरवले नाही, पिढ्यानपिढ्या ते घडत गेले, हेही नोंदवले. त्या अहवालाच्या आधारावर १९६१ साली साबरमतीकाठी, अहमदाबादच्या पालडी भागात, ही संस्था उभी राहिली. अभ्यासाची घडण बरीचशी जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेकडून आली. ती शाळा १९६८ साली बंद पडली आणि पुढच्याच वर्षी पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइनचे केंद्र सुरू झाले. ते उभे करणारे गृहस्थ मुंबईच्या जे.जे. कलामहाविद्यालयातून उल्मला जाऊन शिकून आलेले. पालडीत बारावीच्या वयाच्या मुलांना घ्यायला १९७० मध्ये सुरुवात झाली. पवईत मात्र दीर्घकाळ फक्त पदव्युत्तर शिक्षण होते आणि इंडस्ट्रियल डिझाइनला आलेले बहुतेक जण इंजिनीअर किंवा आर्किटेक्ट असत.

खरा घोळ इथून पुढचा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातले २२ वे कलम सांगते की पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. आयआयटींना तो अधिकार १९६१ च्या स्वतंत्र कायद्याने मिळाला. पालडीची संस्था मात्र सोसायटी नोंदणी कायद्याखालची आणि शिक्षण खात्याऐवजी उद्योग खात्याच्या पंखाखाली. म्हणजे कायद्याच्या नजरेत ती विद्यापीठ नव्हतीच. डिप्लोमा देण्यावाचून तिला दुसरा मार्ग नव्हता.

गंमत अशी की त्याच शहरात, त्याच १९६१ साली सुरू झालेली व्यवस्थापनाची संस्थाही सोसायटीच होती आणि तीही डिप्लोमाच देत होती. तिथल्या डिप्लोमाला कुणी ‘हा दहावीनंतरचा का?’ असे विचारले नाही. त्या कागदामागे पगाराचा आकडा उभा होता. डिझायनरच्या कागदामागे बराच काळ काहीच उभे नव्हते. कारखानदाराला डिझायनर म्हणजे डब्यावर फुले काढणारा माणूस वाटे.

त्यात आपल्याकडे ‘डिप्लोमा’ शब्दाचे आधीच दोन अर्थ रुळलेले. एक, तंत्रनिकेतनातला तीन वर्षांचा, ज्याच्या जोरावर मुलगा थेट इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जातो. दुसरा ‘जी.डी. आर्ट’, जो ड्रॉइंगच्या कितीतरी सरांच्या नावापुढे पाटीवर दिसायचा. पालडीचा डिप्लोमा या दोन्हींत बसत नव्हता. बारावीनंतर चांगली पदवीइतकी वर्षे घालवून मिळणाऱ्या कागदाला मराठी घरात नाव काय द्यायचे, हा प्रश्न लग्न जुळवतानाही यायचा.

‘डिझाइन’ शब्दाचीही तीच तऱ्हा. शिंप्याकडची डिझाईन स्त्रीलिंगी: ‘गळ्याची डिझाईन छान आहे.’ संस्थेतले डिझाइन नपुंसकलिंगी: ‘या खुर्चीचे डिझाइन फसले आहे.’ एकाच शब्दाने आई नक्षीचा विचार करते आणि मुलगी बैठकीच्या उंचीचा.

माझ्या ओळखीतल्या एका डिझायनरने पंधराएक वर्षे काम केल्यावर एका महाविद्यालयात शिकवण्यासाठी अर्ज भरला. ऑनलाइन अर्जात शिक्षणाच्या यादीतून ‘डिप्लोमा’ निवडला की पुढचा रकाना आपोआप उघडायचा: ‘दहावी उत्तीर्ण झाल्याचे वर्ष’. त्यानंतर बारावीचा रकाना यायचाच नाही. त्याने फोन केला, तर समोरच्या बाई म्हणाल्या, ‘सर, मग तुम्ही पदवी टाका ना.’ पदवी टाकली तर विद्यापीठाचे नाव विचारत होते.

आता संस्थेच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण डिप्लोमा म्हणजे निव्वळ लाचारी नव्हती. तिथल्या बऱ्याच शिक्षकांना तो हवाच होता. विद्यापीठाच्या छत्राखाली गेले की अभ्यासमंडळ आले, तीन तासांचा पेपर आला, गुणपत्रिका आली, नेट किंवा पीएच.डी. असलेलाच शिक्षक आला. उलट इथे साच्याचे काम करणारा मिस्त्री वर्कशॉपमध्ये शिकवू शकत होता आणि विद्यार्थ्याची पारख ज्युरीपुढे, म्हणजे परीक्षकांच्या मंडळापुढे, होत होती. ज्युरीच्या आदल्या रात्रीची वर्कशॉप ज्याने पाहिली आहे त्याला हा फरक सांगावा लागत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये ओतलेला मिक्सरचा दांडा, त्याला आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०, मध्ये पुट्टी, परत ४००, मग प्रायमर. प्रायमर वाळला की बोटाला न लागलेला खड्डा डोळ्याला दिसतो, आणि पहाटे तीनला पुन्हा पुट्टीपासून सुरुवात. सकाळी ज्युरीतले बाहेरचे परीक्षक तो दांडा हातात धरतात, मनगट फिरवतात आणि विचारतात, ‘भांडे भरलेले असताना ओतून पाहिलेस का?’ या प्रश्नाला प्रश्नपत्रिकेत जागा नाही, हे म्हणणे खरेच होते.

पण या स्वातंत्र्याची किंमत शिक्षकांनी नाही, विद्यार्थ्यांनी मोजली, असे मला वाटते. सरकारी जाहिरातीत ‘पदवीधर’ हा शब्द आला की पंचाईत, परदेशात पुढे शिकायला गेले की समकक्षतेचा पत्रव्यवहार, पीएच.डी.च्या नोंदणीला खुलासे. आणि ज्या पवईत जवळपास तेच काम, तीच ज्युरी, तोच पॉलिश पेपर होता, तिथे एम.डेस. ही रीतसर पदवी मिळत होती. तिथल्या शिक्षकांनी मतदानयंत्राच्या डिझाइनमध्ये हात घातला, तिथल्याच संशोधक विद्यार्थ्याचे रुपयाचे चिन्ह २०१० साली देशाने स्वीकारले. पदवीच्या चौकटीत राहून डिझाइन मरते, हा युक्तिवाद पवईकडे पाहिले की लंगडा पडतो.

बारावीनंतर थेट बी.डेस.चा रस्ताही आधी आयआयटीच्याच घराण्यातून निघाला, तोही गुवाहाटीला, १९९० च्या दशकाच्या अखेरीस. दिल्लीच्या फॅशन शिक्षणाच्या संस्थेला २००६ च्या कायद्याने पदवीचा अधिकार मिळाला. कपड्याच्या डिझायनरला पदवी आणि खुर्चीच्या डिझायनरला डिप्लोमा, अशी काही वर्षे गेली.

फेब्रुवारी २००७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय डिझाइन धोरण मंजूर केले. त्यात डिझाइन संस्थांना अभिमत विद्यापीठ किंवा विद्यापीठाचा दर्जा मिळावा, म्हणजे सध्याच्या नुसत्या डिप्लोमाऐवजी पदव्या देता येतील, असे स्पष्ट लिहिले होते. सरकारने आपल्याच संस्थेच्या कागदाला ‘नुसता’ म्हणावे, यातच सगळे आले. अभिमत दर्जा घेतला असता तर आयोगाच्या नियमांची ती जुनी भीती पुन्हा समोर आली असती. शेवटी संसदेचा स्वतंत्र कायदा करून, राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवून, २०१४ मध्ये गाठ सोडवली गेली. म्हणजे स्वायत्तताही राहिली आणि पदवीही आली. हे १९६१ लाच का झाले नाही, याचे समाधानकारक उत्तर मला कुठल्याही कागदात सापडलेले नाही. व्यवस्थापनवाल्यांना त्यांचा कायदा २०१७ मध्ये मिळाला, पण त्यांना घाई नव्हती. डिझाइनच्या चार नव्या संस्था, म्हणजे आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश, हरियाणा आणि आसाममधल्या, २०१९ च्या दुरुस्तीने त्याच कायद्याखाली आल्या. त्यात महाराष्ट्र नाही.

महाराष्ट्रात मधल्या काळात खासगी लाट आली. पुण्याच्या आसपास २००० नंतरच्या दशकात डिझाइनच्या संस्था निघाल्या. लोणी काळभोरच्या एका संस्थेने सुरुवातीला अहमदाबादचाच साचा उचलला, डिप्लोमासकट. पुढे खासगी विद्यापीठाचा भाग झाल्यावर पदवी आली. पवईने २०१५ मध्ये बारावीनंतरचा बी.डेस. सुरू केला आणि त्याच्या प्रवेशपरीक्षेने चित्र पार बदलले. कोटाच्या धर्तीवर पुण्या-मुंबईत तिचे क्लास निघाले. १८५७ पासूनच्या जे.जे.ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हा पालडीत ऐकू येणारे स्वायत्ततेचे आणि सरकारी शुल्काचे सगळे वाद मुंबईच्या फोर्टात नव्याने रंगले.

पदवीचा प्रश्न सुटत असतानाच ‘प्रॉडक्ट’ या शब्दाने मात्र कूस बदलली. पवईने ‘इंडस्ट्रियल’ आणि पालडीने ‘प्रॉडक्ट’ असे शब्द धरले, तरी दोन्हींचा अर्थ हातात धरता येणारी वस्तू असाच होता. गेल्या दहा-बारा वर्षांत नोकरीच्या जाहिरातींत ‘प्रॉडक्ट डिझायनर’ म्हणजे मोबाइलच्या ॲपचे पडदे आखणारा. पगार तिथे जास्त, जागाही तिथे जास्त. पूर्वी मुलगा काय शिकला हे आई-वडिलांना समजावताना ‘डिप्लोमा’ आडवा यायचा. आता एम.डेस. प्रॉडक्ट डिझाइन झालेली मुलगी बंगळुरूच्या मुलाखतीला जाते, पोर्टफोलिओत पहिल्याच पानावर घासून गुळगुळीत केलेल्या किसणीचे फोटो असतात, आणि समोरचा तरुण ते भराभर पुढे सरकवत विचारतो, ‘स्क्रीन्स कुठे आहेत?’