413 छापायला एवढी कटकट का? मागची गोष्ट

चुलतभाऊ इथंच सोलापुरात इंजिनिअरिंगला आहे, प्रॅक्टिकलला 8086 चा (इंटेलचा जुना प्रोसेसर) असेंब्ली प्रोग्रॅम होता, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांत लिहिलेला, आकडा स्क्रीनवर छापायचा, डॉसबॉक्समध्ये (आजच्या मशीनवर जुनं डॉस चालवणारं सॉफ्टवेअर). आपल्या पिनकोडची सुरुवात म्हणून यानं 413 घेतला आणि स्क्रीनवर आलं काय तर पत्त्यातली चौकट, एक हसरा चेहरा आणि बदाम. "दादा, व्हायरस आलाय काय हे?" म्हटलं नाही बे, 30 मिळवायचं राहिलंय.

4, 1, 3 हे नुसते आकडे आणि स्क्रीनला पाहिजे अक्षरं. आस्की, म्हणजे अक्षरांना नंबर द्यायची पद्धत, 1963 मध्ये ठरलं तेव्हा '0' ला हेक्समधला (सोळाच्या हिशोबातला) 30 दिला, '9' ला 39, मुद्दामच, म्हणजे खालच्या चार बिटांत खरा आकडाच राहतो आणि वर फक्त 3 चिकटवायचा. तो नाही चिकटवला की डॉस 4 नंबरचं चित्र दाखवतं, म्हणजे चौकट. 7 असता तर टुंग करून बेल वाजली असती, लॅबमध्ये सगळे वळून बघतात.

पण मुळात आकडा सुटा का करावा लागतो? सुरुवातीला लागतच नव्हता. 1946 चा एनिॲक कॉम्प्युटर दहाच्या हिशोबातच मोजायचा, 1959 चं आयबीएम 1401 पण तसलंच, आकडा अक्षरासारखाच मेमरीत बसलेला. कार्डावरही एका आकड्याला एक भोक. (आपल्याकडं चादरीच्या जॅकार्ड मागाला भोकाची कार्डं लावलेली बघितलीत ना, भोक आहे की नाही एवढंच त्याला कळतं, तत्त्व तेच.) नंतर बायनरी स्वस्त आणि फास्ट म्हणून मशीन दोनात मोजायला लागली, माणसं मात्र दहातच राहिली, म्हणून छापायच्या आधी संख्येला दहानं भागत जाऊन एकेक आकडा सुटा करावा लागतो. आयबीएमनं 1964 च्या सिस्टिम 360 मध्ये बायनरीचं दशमान करायची वेगळी सूचनाच दिली, तरी तिथंही घोळ व्हायचाच, शेवटच्या आकड्याला प्लस-मायनसची खूण चिकटलेली असते ती पुसायची विसरली की 123 च्या जागी 12सी छापून यायचं.

इंटेलचा 4004, 1971 चा, बनलाच जपानी कॅल्क्युलेटरसाठी, म्हणून चार बिट, एक आकडा मावेल एवढेच. 1976 च्या 8085 ला तर भागाकारच नाही, आमच्या वेळी त्या किटवर शंभर किती वेळा वजा होतात, मग दहा किती वेळा, असं मोजत बसायचो. 8086 ला 1978 मध्ये भागाकार मिळाला आणि खरी डोकेदुखी तिथून सुरू झाली असं माझं मत.

कारण 16 बिटाचा भागाकार एकट्या एएक्सचा (प्रोसेसरमधला 16 बिटाचा कप्पा, डीएक्स तसाच दुसरा) नसतो, डीएक्स आणि एएक्स मिळून एक मोठी संख्या धरतो आणि बाकीसुद्धा परत डीएक्समध्येच ठेवतो. भावानं 30 मिळवले, 413 आला, मग कोड 'नीट' करायला गेला आणि डीएक्स शून्य करायची ओळ लूपच्या वर नेली, दरवेळी तेच तेच कशाला म्हणून. झालं! डीबगमध्ये टी दाबत एकेक सूचना बघितली: पहिल्यांदा एएक्स 41, डीएक्स 3, बरोबर. दुसऱ्यांदा 41 ला भागून 1 उरायला पाहिजे तर 9 उरले आणि एएक्समध्ये 19664. ते मागचे 3 तसेच वर बसलेले, म्हणजे 3 गुणिले 65536 अधिक 41, भागलं 196649 ला. तिसऱ्या आकड्याला थांबायचं ते लूप सुसाट, स्टॅकवर (सुटे आकडे तात्पुरते ठेवायची जागा) ढीग. आधी मेसेज छापून डीएक्समध्ये त्याचा पत्ता राहिला असता तर खऱ्या डॉसवर थेट डिव्हाइड ओव्हरफ्लो म्हणून बाहेरच पडलं असतं, ते बरं, निदान कळतं तरी.

छापायच्या मेसेजच्या शेवटी डॉलरची खूण ($) का लावायची, हे पण त्यानं विचारलं. ते डॉसचं नाहीच, गॅरी किल्डॉलच्या सीपीएम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची सवय, तिथले प्रोग्रॅम सहज आणता यावेत म्हणून डॉस लिहिणाऱ्या टिम पॅटरसननं 1980 मध्ये तशीच ठेवली.

मग भावाला कुठल्यातरी जुन्या नोट्समध्ये एएएम सापडली, एका सूचनेत दहानं भागून दोन आकडे सुटे. खुश होऊन लिनक्सवर 64 बिटमध्ये टाकली तर असेम्ब्लरनं घेतलीच नाही, 2003 ला 64 बिट आलं तेव्हाच एएएम, डीएए वगैरे दशमानाच्या सूचना त्यातून काढून टाकल्यात. म्हणजे परत साधा भागाकार, आणि परत तीच विसरायची ओळ, फक्त आता तिथं आरडीएक्स (64 बिटातला डीएक्स) लिहायचं.