गाल्वानं सगळं गणित एका रात्रीत लिहिलं नव्हतं

एव्हारिस्त गाल्वा या फ्रेंच गणितज्ञानं द्वंद्वयुद्धाच्या आदल्या रात्री समीकरणांचा अख्खा सिद्धांत लिहून काढला, ही गोष्ट रंगतदार खरी, पण निव्वळ दंतकथा. त्याचे लेख १८२९-३० मध्येच छापून आले होते. समीकरणांवरचा मुख्य प्रबंध त्यानं जानेवारी १८३१ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे दिला. तो तपासणाऱ्या गणितज्ञ प्वासाँला तो उमगलाच नाही, म्हणून नाकारला गेला. २९ मे १८३२ च्या रात्री गाल्वानं मित्र शव्हालिएला पत्रातून झालेल्या कामाचा गोषवारा कळवला आणि जुन्या हस्तलिखितावर हात फिरवला. एका सिद्धतेच्या कडेला ‘मला वेळ नाही’ असं खरडलंय, तेवढं मात्र अस्सल. दंतकथेला तेवढं पुरलं! एकोल पॉलिटेक्निक या पॅरिसमधल्या नामांकित संस्थेच्या प्रवेशपरीक्षेत तो दोनदा नापास झाला, हेही खरंच. ३१ मेला तो गेला. वय अवघं २०. गणितज्ञ लिऊव्हिलनं प्रबंध छापायला १८४६ उजाडलं.