झुकिनीचा कुठला वाण चांगला? आधी तोड्याचं बोला

झुकिनीच्या दहा वाणांची चाचणी घेतली आणि सर्वांत जास्त किलो देणाऱ्या वाणाला पहिला नंबर दिला, तर तो नंबर चुकीच्या वाणाला जाण्याची शक्यता बरीच असते. गोम तोड्यात आहे. झुकिनी हे कोवळेपणी खायचं फळ. मादी फूल उमलल्यावर चार ते सहा दिवसांत, फळ १५ ते २० सेंटीमीटरचं झालं की तोडायचं. उष्ण दिवसांत ते रोज दोन-तीन सेंटीमीटर सहज वाढतं. सोमवारी पानाआड राहून गेलेलं फळ बुधवारी सापडतं तेव्हा वजनाला दणदणीत भरतं, पण तोवर साल जाड झालेली असते, आत बिया धरलेल्या असतात आणि व्यापारी ते बाजूला काढतो. म्हणजे आळसाने तोडा केलेला वाण कागदावर भरघोस दिसतो.

शिवाय नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. वेलवर्गातली असली तरी झुकिनी झुडपासारखी वाढते, आणि त्या एका झुडपाला किती फळं पोसायची याचं गणित असतं. एक फळ बियांसाठी पोसायला घेतलं की पुढची मादी फुलं गळतात किंवा त्यांच्यामागची इवली फळं पिवळी पडून वाळतात. तोडा जितका वेळेवर, तितकं पुढचं सेटिंग, म्हणजे फळं धरणं, चांगलं. त्यामुळे चांगल्या चाचणीत आठवड्याला किमान तीन तोडे होतात, तेही सगळ्या वाफ्यांत एकाच दिवशी. ‘लवकरचं उत्पन्न’ आणि ‘एकूण उत्पन्न’ यांचे रकाने वेगळे ठेवतात, कारण बाजारभाव बहुतेकदा पहिल्या काही तोड्यांनाच चांगला मिळतो.

तुलना करताना आणखी एक घोळ होतो. समर स्क्वॅश, म्हणजे कोवळेपणी खायचे भोपळे, या नावाखाली जे विकलं जातं ते सगळं कुकुरबिटा पेपो या एकाच जातीचं असलं, तरी एकाच घराण्यातलं नाही. मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतात ग्विला नाकित्झ नावाची गुहा आहे. तिथे या जातीच्या लागवडीखालच्या, सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या. झुकिनी या मेक्सिकन शाखेची. तिला आजचं रूप मात्र इटलीत आलं. वाकड्या मानेचा पिवळा क्रूकनेक, सरळ मानेचा स्ट्रेटनेक आणि कातरलेल्या कडेचा चपटा पॅटीपॅन हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात वेगळ्याने माणसाळवलेल्या शाखेचे. क्रूकनेकची बारीक मान पेटी भरताना मोडते, झुकिनीला मानच नाही. दोघांना एका तक्त्यात बसवून नंबर लावण्यात फारसा अर्थ नाही. झुकिनीची तुलना झुकिनीशीच व्हायला हवी.

ती करायची पद्धत कृषी महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या कुणालाही पाठ असते. प्रत्येक वाण एकाच पट्ट्यात न लावता शेताचे चार भाग करायचे, प्रत्येक भागात सगळे वाण लावायचे आणि कोण कुठे येणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. बांधाकडच्या सकस मातीचा फायदा मग एकाच वाणाला मिळत नाही. ही शिस्त संख्याशास्त्रज्ञ रॉनल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड केंद्रात १९२० च्या दशकात घालून दिली. भारतातल्या शेतीसंशोधकांत ती रुजवण्यात पानसे आणि सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांच्या १९५४ च्या पुस्तकाचा मोठा वाटा. त्यातले पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. दोन वाणांच्या सरासरीतला फरक ‘सी.डी.’पेक्षा, म्हणजे निव्वळ योगायोगाने पडू शकणाऱ्या फरकापेक्षा, कमी असला तर ते दोन वाण सारखेच समजायचे. बियाण्याच्या माहितीपत्रकांवर हा आकडा शोधून पाहा, क्वचितच दिसेल.

मला मात्र तक्त्यापेक्षा बाद मालाचा ढीग जास्त बोलका वाटतो. त्यातलं एकेक फळ उचलून पाहिलं की वाणाचा स्वभाव कळतो. टोकाकडे निमुळतं झालेलं फळ म्हणजे परागीभवन अर्धवट झालंय. मादी फूल एकच सकाळ उघडं असतं, आणि तेवढ्यात मधमाश्यांच्या पुरेशा फेऱ्या झाल्या नाहीत तर फळ सारखं भरत नाही. थंडीत काही संकरित वाणांना आधी मादी फुलंच येतात, नर फूल नसल्याने पहिली फळं कुजतात. ‘कॅव्हिली’ किंवा ‘पार्टेनॉन’ असे परागकणांवाचून फळ धरणारे वाण इथे उजवे ठरतात, विशेषतः बंद शेडनेटमध्ये. सालीवर बारीक, तपकिरी, तिरके ओरखडे असतील तर दोष किडीचा नाही. देठांवरच्या काट्यांचा आहे: वारा सुटला की पानांचे खरखरीत देठ कोवळ्या सालीवर घासतात. म्हणून बिनकाट्यांचे, मोकळ्या बांध्याचे वाण निवडले गेले. त्यात फळही शाबूत राहतं आणि तोडणी करणाऱ्या बायकांचे हातही.

पिवळ्या फळावर हिरवे डाग आणि गाठी असतील तर तो व्हायरस, आणि इथून गोष्ट रंजक होते. साध्या पिवळ्या वाणाचं इवलं फळ आधी हिरवं असतं, नंतर पिवळं होतं. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात ओव्हेद शिफ्रिस यांनी अभ्यासलेलं ‘बी’ नावाचं जनुक फळाला फूल उमलण्याआधीच पिवळं करतं. या जनुकाच्या वाणांत वॉटरमेलन मोझॅक व्हायरस शिरला तरी फळावर हिरवे डाग उमटत नाहीत. झाड आजारी असतं, पानं सांगतात, पण फळ विकलं जातं. दुखणं बरं न करता लपवणारी ही पैदास मला तरी भारी वाटते. अर्थात तिलाही मर्यादा आहे: फळ वेडंवाकडं करणाऱ्या झुकिनी यलो मोझॅकपुढे नुसता रंग काही करू शकत नाही. ते दुखणं मुळातून अडवण्यासाठी दोन व्हायरसच्या आवरणातल्या प्रथिनांची जनुकं घातलेला ‘फ्रीडम टू’ हा जनुक-बदल केलेला वाण अमेरिकेत १९९४ अखेरीस मंजूर झाला.

अमेरिकेतल्या जॉर्जियासारख्या राज्यात वसंतात आणि शरदात असे दोन हंगाम घेतात. व्हायरस पसरवणारे मावा आणि पांढरी माशी शरदात जास्त, म्हणून व्हायरसला टिकणारे वाण तेव्हा वर येतात. वसंतात त्याच वाणांचा दबदबा राहीलच असं नाही. पांढऱ्या माशीची पिल्लं रस शोषतात तेव्हा पानं चांदीसारखी होतात आणि फळांचा रंगही फिकटतो. झुकिनीच्या पानांवर जन्मजातही चंदेरी ठिपके असतात. ते शिरांच्या बेचक्यात असतात. रोगाची चांदी शिरांवरून सुरू होते. नवख्या माणसाने हे पाहून घेतलं तर एक फवारणी वाचते.

आपल्याकडे हे पीक ‘छप्पन कद्दू’ म्हणून उत्तरेत आधी रुजलं. भारतीय कृषी संशोधन संस्थेचा संकरित ‘पुसा अलंकार’ गडद हिरवा, फिकट रेघांचा. लुधियानाच्या कृषी विद्यापीठाचा ‘पंजाब छप्पन कद्दू-१’ चपटा, थाळीसारखा. पुण्या-नाशिककडे मॉल आणि हॉटेलांसाठी लागते ती गडद हिरवी किंवा पिवळी लांबट झुकिनी, आणि तिथे वाणाची निवड बहुधा दुकानदाराच्या शिफारशीवर होते. भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, किती दिवसांनी चढली, हे त्याला कुणी विचारत नाही. एखादा शेतकरी दोन वाण चार-चार ओळींत आलटूनपालटून लावतो आणि क्रेट वेगळे मोजतो, तेव्हा त्याच्या हाती माहितीपत्रकापेक्षा खरी माहिती असते.

चवीचा रकाना बऱ्याच तक्त्यांत नसतोच. इटलीचा शिरांचा ‘कोस्ताता रोमानेस्को’ उत्पन्नात संकरित वाणांच्या बराच मागे, पण खाणारे त्याच्यावर जीव टाकतात. झुकिनीत सुमारे ९५ टक्के पाणी. उरलेल्या थोडक्यावर चव पेलायची असते.

चवीची एक तपासणी मात्र टाळू नये. या जातीच्या रानटी आणि शोभेच्या भोपळ्यांत कुकुरबिटासिन हे कडू विष असतं. शेजारी तसला वेल असला आणि मधमाशीने पराग इकडचा तिकडे केला, तर यंदाच्या फळाला काही होत नाही. पण त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर झाडाला कडू फळं येऊ शकतात. शिजवून हा कडूपणा जात नाही. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावल्याचं आपण वाचलेलं आहे, विष त्याच कुळातलं. घरचं बी धरलं असेल तर पहिल्या तोड्यातली एक चकती कच्ची जिभेला लावून पाहा. कडू लागली तर थुंकून टाका आणि ते झाड उपटा.